एकाच अंगानं मोहरलेली शेपू

बोरी बुद्रुक, २ फेब्रुवारी २०२५

ती. राजरत्नदादास,
सविनय जयभीम. वि. वि.

विहाराच्या भिंतीवरचं आमराईचं चित्र झालं. ओढ्याकाठच्या आपल्याच रायवळ आंब्यांसमोर बसून काढलं. त्यातलं आपलं शेपूच्या वासाच्या कैऱ्यांचं झाड, आपली शेपू, यंदा पूर्वेच्या अंगानंच मोहरली आहे, पश्चिमेला नुसती तांबूस पालवी. तशीच रंगवली. पण कमिटीचे बाजीरावनाना म्हणतात, झाड अर्धवट दिसतंय, लोक हसतील. पौर्णिमेपर्यंत सगळं मोहरव, न्हाईतर वरून पांढरा मारतो. मी नाही म्हणाले. मात्र हा खरेपणा की नुसता ताठा, ते ठरवता येत नाही. भिंत गावाची आहे, माझी नाही. तुला काय वाटतं, ते कळव.

तुझी धाकटी,
यशोधरा

पुणे, ६ फेब्रुवारी

चि. यशूस,
अ. आ.

तुझी वहिनी शीला म्हणते, वन्सं अडल्या म्हणजे आता नानांचंच अवघड. ताठा तुझ्यात आहेच. रांगोळीचा एक ठिपका चुकला तर अख्खं अंगण पुसायचीस. पण नानांनी त्या भिंतीचा गिलावा स्वतःच्या हातानं केला, त्यांना ती शोभायला हवी. चित्राला हात लावू नकोस. पौर्णिमेच्या वंदनेला सगळ्यांना पाहू दे आणि तू गप्प बस. जमणार नाही म्हणा.

जेवणाची आबाळ करू नकोस.
राजरत्न

बोरी बुद्रुक, १३ फेब्रुवारी

ती. दादास,
सविनय जयभीम. वि. वि.

गप्प बसले, खरंच. काल वंदना संपल्यावर जानकाबाईआत्या भिंतीशी गेली आणि म्हणाली, ही गोटी, हा साखऱ्या, अन् ही शेपू, हिच्या कैरीला शेपूचा लई वास. मग सगळ्याच बायका पुढं सरकल्या, कोणाचा आंबा गोड यावर भांडू लागल्या. चित्राबद्दल कोणी अक्षर बोलेना. शेवटी नाना उठले, पालवीवर बोट ठेवून म्हणाले, ह्याच अंगानं गेल्या साली कैऱ्यांनी फांद्या वाकल्या व्हत्या, आता ते अंग इसावा घेतंय. तेव्हापासून येईल त्या पावण्याला तेच समजावतात, जणू ब्रश त्यांच्याच हातात होता.

वरची आळी मात्र रुसली आहे: आमचा खोबऱ्या आंबा का न्हाई काढला? त्यावर नानांनी मला न विचारताच मागची भिंत कबूल केली. आज सकाळपासून ते गिलावा करताहेत आणि मी खोबऱ्याखाली बसून हे लिहिते आहे.

लोभ राहू द्यावा, आणि वहिनीला घेऊन लवकर यावं.
यशोधरा