काका खेळायला आले तो सोमवार

प्रिय हर्षद,

मस्कतला आता ऊन जरा उतरलं असेल. इकडे भातं पिवळी पडलीत, पहाटे गावावर धुकं असतं आणि आठ वाजले की घामाच्या धारा. फोनवर आपल्याला बोलता येत नाही हे आता कळलंय मला. तू गप्प, मी गप्प, मग तू म्हणतोस, "ठेवतो रं." म्हणून सावकाश लिहितोय. कुणी मध्ये बोलणार नाही, रेंज जाणार नाही. आधी गोल्फच्या राउंडचं सांगतो.

पावसाळ्यात बंद असलेला गोल्फ कोर्स दसऱ्यानंतरच्या सोमवारी उघडला. सोमवारी मेंबर नसतात, म्हणून त्यांच्या बॅगा वाहणाऱ्या आपल्या कॅडी लोकांना खेळायला मोकळं. मनोजने खोपोलीच्या कंपनीतून रजा काढली, गजा तर काय, तिथलाच. चौथा तू असायचास. तीन वर्षं आम्ही तिघंच खेळतो, चौथा कुणी घेत नाही. त्या दिवशी सकाळी तुमच्या घरावरून जाताना तुझे बाबा कोपऱ्यावर उभे होते. अंगात धुतलेला सदरा, डोक्याला टोपी. आम्हाला वाटलं, एसटीला उभेत. मी विचारलं, "काका, कर्जतला का?" तर म्हणाले, "नाय रं. मला बी नेता का तुमच्यासंगं?"

आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. तुला सांगायला नको. कोर्ससाठी जमीन द्यायच्या कागदावर तुझ्या चुलत्यांनी सह्या केल्या, मग काकांनाही करावी लागली, शेतं गेली आणि त्या दिवसापासून कोर्सच्या गेटकडे तोंड करून ते उभेसुद्धा राहिले नाहीत. तू तिथे कामाला लागलास तेव्हाचं तर मी डोळ्यांनी बघितलंय. "माझ्याच शेतात दुसऱ्याची बोचकी उचलतो," एवढं बोलले आणि तुझ्याशी बोलणंच सोडलं. तू मस्कतला निघालास त्या दिवशीही ते आत पाठ करून बसलेले. तेच काका आता विचारत होते, नेता का. गजाने सरळ गाडीचं दार उघडलं.

पहिले दोन-तीन होल ते आमच्या मागे मागे चालले. चपला हातात घेतल्या होत्या. गजा म्हणाला, "काका, घाला की," तर म्हणाले, "गवत मऊ हाय." आम्ही मारायचो, चेंडू झाडीत जायचा, मनोज शिव्या घालायचा, ते नुसते बघायचे. हसले नाहीत, रागावलेही नाहीत. चौथ्या होलला तळं लागतं बघ, त्याच्या पुढच्या उतारावर ते थांबले आणि आजूबाजूला बघायला लागले. मला कळलं, शेत शोधताहेत. माथेरानच्या डोंगराकडे बघून थोडे डावीकडे गेले, परत आले, परत गेले. विहीर बुजवलेली, ऐनाचं झाड नाही, बांध एकही नाही. जमीनच उचलून दुसरीकडे ठेवल्यासारखी. शेवटी खाली बसले आणि हाताने गवत चाचपत म्हणाले, "हितंच आसंल. का पलीकडं रं, धनेश?" मला तरी काय माहीत? मी म्हटलं, "इथंच, काका." आम्हीही बसलो त्यांच्याजवळ. कुणाला खेळायची घाई नव्हती.

वातावरण हलकं करायला गजाने त्यांच्या हातात काठी दिली. "एक मारा." नको नको म्हणत उठले. लाकूड फोडायला कुऱ्हाड उचलावी तशी उचलली, आणि जी हाणली, चेंडू जागेवर आणि हातभर गवताचा तुकडा हवेत! मनोज खो खो हसला. काकाही हसले रे, हर्षद. दात पडलेलं तोंड उघडून. मग जाऊन तो तुकडा उचलून आणला, खड्ड्यात बसवला, टाचेने दाबला, वर ओंजळभर माती घातली. आपल्याला कॅडी म्हणून हेच शिकवलेलं, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

पुढे निघालो तेव्हा मी काठ्यांची बॅग उचलायला वाकलो, तर ती त्यांनी आधीच खांद्याला लावलेली. मेंबरने दिलेली ती जुनी चामड्याची, जिच्या पट्ट्याने तुझ्या खांद्यावर वळ उठायचे. चार पावलं गेले, थांबले. पट्टा सरकवून बघितला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "यवढं जड उचलायचा तो?" मी हो म्हटलं. "आन् किती येळा?" मी म्हटलं, "सीझनला सकाळी एकदा, दुपारी एकदा." मी हात पुढे केला तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे." पार होलजवळच्या ग्रीनपर्यंत त्यांनीच नेली. मी मागून रिकाम्या हाताने चालत होतो आणि मला वर बघवत नव्हतं.

तू फोनवर विचारलंस, "बाबा माझ्याबद्दल काही बोलले का?" हर्षद, एवढंच बोलले. माफ केलं, ये म्हणावं, असलं काही नाही. गोड वाटावं म्हणून मी त्यात काही घालणार नाही.

नवव्या होलला थांबलो. घरी गेल्यावर काकीला म्हणाले, "पोरांनी गवत बरं राखलंय." भाकरी जास्त खाल्ली, असं काकी सांगते. गुरुवारी पहाटे काकी चहा घेऊन गेली तर ते उठले नाहीत. गावात काही जण म्हणतात, म्हाताऱ्याला उन्हात चालवलं धनेशने. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीपासूनच थकलेलं होतं. माझी खात्री अजून होत नाही. तुझ्या कानावर ते दुसऱ्याकडून येण्याआधी मीच सांगतोय.

आणि ज्यासाठी लिहायला बसलो ते हे. दुपार टळेपर्यंत आम्ही तुझी वाट बघितली. सुट्टी मंजूर होईना एवढं तू कळवलंस, मग तुझा फोनही लागेना, काकी दारात बसून. शेवटी तिनेच माझा हात धरला आणि म्हणाली, "तू दे रं अग्नी." माझी आत्या आडवी आली, बाप जिवंत असताना हा केस कसे उतरवतो म्हणून. माझे बाबा तुझ्या बाबांचं नाव घेऊन म्हणाले, "उतरवू दे. गोमा माझा दोस्त हाय." मग मडकं माझ्या खांद्यावर दिलं. भटजींनी विचारलं, मुलाचं नाव? सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, हर्षद. पुढचं सगळं त्यांनी तुझ्याच नावाने केलं. तुला न विचारता तुझ्या जागी उभा राहिलो. हात माझे होते, पण बाबांना अग्नी तूच दिलास, एवढं मला तुला सांगायचं होतं.

तुझाच, पाठच्या भावासारखा,
धनेश