राई की डोंगरी?

शांती नगर, मीरा रोड
१९९३

प्रिय ताई,

काल तुझे कॉलेजचे सर तुझ्या मेफ्लाय किड्यांच्या बाटल्या न्यायला आले होते. न घेताच गेले. म्हणून लिहितेय.

दवाखान्यात तू म्हणालीस, "सुमे, बाटल्यांतलं स्पिरिट आटू देऊ नकोस." नाही दिलं. दर महिन्याला भरलं. प्रत्येक बाटलीत किड्यासोबत तुझी चिठ्ठी होती, कुठे सापडला त्याची. पेन्सिल पुसट झालेली. मी फाउंटन पेनने वळणदार अक्षरात सगळ्या नव्या लिहिल्या. जुन्या टाकून दिल्या.

आठ दिवसांत स्पिरिट निळं, चिठ्ठ्या कोऱ्या. शाई विरघळते हे का नाही सांगितलंस? बाकी एवढं सगळं सांगायचीस!

सरांनी भिंग लावलं. "मागचे पंख नाहीत. क्लोऑन वंशातलेच. वंश कळतो हो. पण यातले राईचे कुठले, डोंगरीचे कुठले?"

मी कोरी चिठ्ठी पुढे केली.

"अहो, तिचा सगळा प्रश्न तोच होता ना!"

मला माहीत नाही का? राई गावच्या मचूळ तळ्यातले आणि डोंगरी गावच्या गोड्या विहिरीतले किडे, जात एकच की दोन? जेवतानाही तुझं तेच. मी म्हणायचे, "एका दिवसात मरतात, त्यांचं काय एवढं?" तू चिडायचीस. "आणि आधी पाण्यात वाढतात, ते दिवस कोण धरणार?"

आज राईला गेले. म्हटलं, पुन्हा पकडून आणू. तिथल्या एका म्हातारीने मला ओळखलं. "तू त्या चाळणीवालीची बहीन ना? मी बोलायची तिला, मासोळी धर, किडे कसले धरतंस!" मग हात दाखवला. "तलाव आता न्हाय, बाय. भरनी झाली."

भरावावर ट्रक उभा होता.

"बरी हाय ना ती?"

मी 'हो' म्हणून मान हलवली. तू गेलीस हे सांगवलं नाही गं.

डोंगरीची विहीर असेल अजून. पण तिच्यातले किडे ताडून बघायचे कशाशी?

घरी येऊन एक बाटली उजेडात धरली. किडा जरा काळपट. वाटलं, हा राईचाच. तसं लिहिलंही. वाटलं म्हणजे काय, ताई? तू असतीस तर हेच विचारलं असतंस. फाडली ती चिठ्ठी.

आता एवढंच माझ्या हातात आहे. प्रत्येक बाटलीत 'ठिकाण माहीत नाही' असं पेन्सिलने लिहीन. कुणी विचारलं, तर कुणामुळे तेही सांगेन. तुझ्या नावावर माझा अंदाज जाऊ देणार नाही.

तुझी,
सुमन