धोंडू मोहित्यांचं रेकॉर्डिंग

प्रिय नूपुर,

माझ्या क्लासातली रत्नं तुला एकदा पाहायला हवीत. शनिवारी दादरच्या हॉलमध्ये दहाजण जमतात, भाषण शिकायला. एक बिल्डर आहे. त्याला नगरसेवक व्हायचंय आणि 'ळ' म्हणायचा कंटाळा येतो. एक बाई निवेदिका व्हायला निघाल्यात, पण बोलतात अशा, की जणू गॅसवर दूध उतू चाललंय. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवली ती काय हा कचरा निवडायला, असं मी म्हणते. मनात नाही, चांगलं मोठ्याने.

जूनपासून त्यात धोंडू मोहिते आले. सहासष्ट वर्षांचे, लालबागला मसाले कुटून द्यायचं दुकान. परळच्या ज्या रात्रशाळेत शिकले, तिने वर्धापनदिनाला बोलायला बोलावलंय म्हणून आले. पहिलंच वाक्य 'मला भाशन करायचंय, बाई'. मी कपाळाला हात लावला, सगळ्यांसमोर.

बोलताना स्वतःच्या आवाजावर कान ठेवा, हे माझं लाडकं वाक्य. मोहित्यांना ते जमेना, म्हणून त्यांचाच मोबाइल टेबलावर ठेवून रेकॉर्डिंग लावलं. म्हटलं, घरी ऐका, लाज वाटली की सुधाराल.

पुढच्या शनिवारी क्लास सुटल्यावर ते थांबले. "बाई, यात माजा आवाज लई थोडा हाय. तुमचाच जास्त. तुमी बी ऐका." आणि रेकॉर्डिंग लावून मोबाइल माझ्यासमोर ठेवला.

'माज्या आयनं...' 'आईने!' 'आईनं गिरनीत...' 'गिरणीत. जीभ आहे ना तोंडात?' पाच वेळा ते त्या वाक्यात शिरायला गेले, पाचही वेळा मी दारातच अडवलं. आणि प्रत्येक वेळी नाकातून एक बारीक 'हं'. असं कोण हसतंय म्हणून मी आधी शोधत बसले. सहाव्यांदा मोहिते बोललेच नाहीत. खुर्ची सरकल्याचा आवाज, बस्स.

तुला माझं ते 'हं' ठाऊक असणार. सात वर्षांची होतीस, 'प'वर अडायचीस. पाणी मागायला आलीस की मी पेला हातात धरून उभी राहायचे, नीट म्हण, मगच. पुढे तू मागणंच सोडलंस, स्टुलावर चढून स्वतः घ्यायला लागलीस. मी चाळभर सांगत फिरले, पोर किती स्वावलंबी झाली!

रात्रशाळेच्या कार्यक्रमाला मी गेले. मागे बसून चुका मोजत होते, सवय जात नाही. मोहिते म्हणाले, "माझी आय गिरनीत होती. मशिनींच्या आवाजानं तिचे कान गेले. मी धडा वाचायचो, तवा ती माज्या गळ्यावर हात ठेवून ऐकायची. हितं शाळेत आल्यावर मला कळलं, बाकीच्यांच्या आया नुसत्या कानानं ऐकतात." मोजणं माझं तिथेच सुटलं.

नंतर भेटले तर मी म्हणालेच, "चुका होत्या हं, मोहिते." ते हसले. "व्हत्या की. पन वाक्य पुरं झालं, बाई."

परवा तुझा मेसेज आला, 'आई, श्रेयाही माझ्यासारखीच शब्दांवर अडखळायला लागलीय, मे महिन्यात तिला तुझ्याकडे ठेवू का, तुझ्याइतकं चांगलं कोण शिकवणार?' वाचून सुखावले, खोटं कशाला बोलू. पण नूपुर, नातीला पाठवू नकोस. एवढ्यात नको. हे फोनवर सांगितलं असतं तर तू 'पण' म्हणताना अडली असतीस आणि तो शब्द मी तुझ्याआधी पुरा करून टाकला असता. आधी तू एकटीच ये. माझ्याबद्दल जे बोलायचं राहिलंय ते बोल, लागेल तेवढा वेळ लागू दे. मला धीर धरता येतो असं नाही. पण बसेन.

तुझीच, बरीच उशिरा,
आई