पान एकशे बारा

रवि., २० ऑक्टो. ७४
सकाळी कासीमभाईंच्या घरून शीरखुर्म्याचा डबा. ईद होऊन दोन-तीन दिवस झाले, पण आमचा वाटा वेगळा काढून ठेवलेला असतो. डब्यासोबत निरोप: हजला नंबर लागला. पुढच्या महिन्यात मुंबईहून बोट.

आनंद झाला आणि लगेच धास्तीही वाटली. का, ते लिहायला आज हात धजत नाही.

दिवसभर भागळ बाजारातलं त्यांचं बाइंडिंगचं दुकान डोळ्यांपुढे. शाळेच्या वाचनालयाची फाटकी पुस्तकं घेऊन पहिल्यांदा गेलो ते ५६ साली. खळीचा वास, पुस्तकं दाबायचा लाकडी शिकंजा. स्टुलावर देसाई वकील. देव नाही हे सिद्ध करायला हा माणूस दर रविवारी अंघोळ करून, इस्त्रीचं धोतर नेसून यायचा. मी धुळ्याचा, इथे सुरतेत विज्ञानाचा मास्तर, त्याच्याच पंथातला. आम्ही दोघे विचारणारे, कासीमभाई एकटे सांगणारे. पंधरा-सोळा वर्षं तरी चाललं. ६९ साली अहमदाबादच्या दंगलीच्या बातम्या आल्या तेव्हा तीन रविवार बैठक भरली नाही. चौथ्या रविवारी देसाई म्हणाला, "चालो, वाद अधूरो छे," आणि पुन्हा बसलो.

देसाई जाऊन दोन वर्षं झाली. त्यानंतर मी एकटा जातो, पण वाद होत नाही. चहा होतो.

मंगळ., २२ ऑक्टो.
शाळा. नववी ब ने डोकं उठवलं.

आज आठवला तो काब्याचा वाद. देसाईने इंग्रजी पुस्तकं वाचून तयारी केलेली. म्हणाला, काबा तर पैगंबरांच्या आधीपासून होता. आत मूर्ती होत्या, लोक प्रदक्षिणा घालत होते. मग तुमच्या धर्मात नवीन काय? जुन्या घराला नवा रंग. मी मान डोलावली. वाटलं, आता कासीमभाई सापडले.

ते पुस्तकाची शिवण घालत होते. वर न बघता म्हणाले, "नया है, ऐसा हमने कब कहा, वकीलसाब? ते घर इब्राहीमने बांधलं असं आम्हीच सांगतो. लोक विसरले, घरात कचरा भरला. पैगंबरांनी झाडून काढलं." आणि दोऱ्याला मेण लावत राहिले.

देसाई बघतच राहिला. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. घरी येताना मक्काई पुलाशी थांबलो. पूर्वी हजची जहाजं इथूनच सुटायची, ते देसाईनेच मला सांगितलेलं. तो म्हणाला, "मास्तर, आपण हरलो तरी मजा आली ना?" त्याला यायची मजा. मला नाही यायची. माझा स्वभावच तसा, पडलो तरी नाक वर.

रवि., २७ ऑक्टो.
आज लिहून टाकतो.

६६ सालचा हिवाळा. तापीकाठचा पोंक, म्हणजे ज्वारीचा कोवळा हुरडा, आणलेला, लिंबू-मिरीची शेव. विषय हदीसचा. पैगंबर काय बोलले, कसे वागले, हे लोकांना कळलं कसं? कासीमभाई म्हणाले, ह्याने त्याच्याकडून ऐकलं, त्याने त्याच्याकडून, अशी नावांची साखळी असते. प्रत्येक नावाची चौकशी होते. माणूस खरा होता का, विसरभोळा होता का. एक कडी खोटी निघाली की ते वचन बाजूला.

देसाई: "सांभळेली वात कोर्टमां ना चाले." ऐकीव गोष्ट कोर्टात चालत नाही.
का.भाई: "वकीलसाब, तुमच्या कोर्टात साक्षीदार एकदा शपथ घेतो. आमच्या साक्षीदाराचा सगळा जन्म तपासतात."

देसाई हसला, हरला. मला ते सोसलं नाही. तोंडातून निघून गेलं: एका जर्मन पंडिताला जुनी पत्रं सापडली आहेत, ह्या साखळ्या दोनशे वर्षांनी बसून जोडल्या असं त्यांत कबूल केलेलं आहे. इंग्रजी पुस्तक आहे. पान एकशे बारा.

असं कुणी म्हटलं असेल, नसेल, मला ठाऊक नाही. मी काही वाचलं नव्हतं. पत्रं माझी, पंडित माझा, पानाचा आकडासुद्धा माझा. वर्गात पोरांना पुरावा, पुरावा म्हणून छड्या मारणारा मी. लोकां सांगे ब्रह्मज्ञान.

कासीमभाईंच्या हातातला पोंक तसाच राहिला. म्हणाले, "आपने खुद पढ़ा?"
मी म्हणालो, "खुद."

त्यांनी तो परत ताटलीत ठेवला. देसाई जाताना कानाशी म्हणाला, त्या पुस्तकाचं नाव दे. मी म्हटलं, शोधून देतो. मग तो विसरला. मी विसरलो नाही.

रवि., १० नोव्हें.
सकाळी फराळाची गडबड. ही चकल्या तळत होती. कासीमभाई आले, पांढरी टोपी, नवीन चप्पल. हजला जाण्याआधी ओळखीच्या सगळ्यांच्या दारी जाऊन माफी मागायची अशी त्यांची रीत. कुणाचं मन दुखवलेलं घेऊन काब्यासमोर उभं राहायचं नाही. आमच्या नानपुऱ्यातली ही शेवटचीच घरं राहिली होती म्हणाले.

हिच्यापुढे हात जोडले, "भाभी, कहा-सुना माफ करना." हिचे डोळे भरले. "अहो भाऊ, तुमचं काय माफ करायचं," म्हणत चकल्यांचा पुडा बांधायला आत गेली.

मग माझ्याकडे वळले. म्हणाले, तुमच्याकडे खास माफी आहे. तुम्हाला नाव विचारलं तर अविश्वास वाटेल, म्हणून नुसतं जर्मन पंडिताचं पुस्तक म्हणत मी ते आठ वर्षं शोधलं. वाचनालयात मुलाला घेऊन गेलो, मुंबईहून येणाऱ्या बोहरी व्यापाऱ्याला सांगून ठेवलं. नाही मिळालं. "एक दफा दिल में आया, मास्तरसाहब झूठ तो नहीं बोले? असा घाणेरडा विचार. अठरा वर्षांच्या दोस्ताबद्दल. वो माफ कर दो."

ते पुढे म्हणाले, गल्लीतल्या मुलांना हदीस सांगायचा गुरुवारचा वर्ग त्याच हिवाळ्यात बंद केला. नमाज सुटली नाही, यकीन सुटलं नाही. पण मुलांना सांगायला बसलो की पान एकशे बारा आठवायचं. ज्याची खात्री नाही ते लेकरांना कसं सांगू?

मला वाटायचं, मोतीबिंदूमुळे वर्ग बंद केला. आठ वर्षं मी हेच समजत होतो.

म्हणालो, "माफ."

एवढंच म्हणालो. त्यांनी मिठी मारली. ही चकल्या घेऊन बाहेर आली.

शुक्र., १५ नोव्हें.
स्टेशनवर गेलो. सांगायचंच ठरवून. हारांचा ढीग, अत्तर, बुरख्यातल्या बायका रडतायत. कासीमभाई मला बघून हसले. पिशवी उघडून एहरामच्या, हजला अंगावर घ्यायच्या, दोन पांढऱ्या चादरी दाखवल्या. "जिंदगीभर टाके घातले, मास्तरसाहब. आता बिनशिलाईचा कपडा."

हज हे आयुष्यातलं एकच जाणं. त्यांच्या पिशवीत माझी घाण कुठे भरू, असं मनाशी म्हणालो. हीसुद्धा पळवाटच. गाडी हलली, तेव्हा खिडकीतून ओरडले, तुमच्यासाठी तिथे दुआ मागतो.

गुरु., १२ डिसें.
पोंकाच्या गाड्या लागल्या. आणला नाही. ही म्हणाली, तुम्हाला आवडतो ना? म्हटलं, दात दुखतो.

देसाई हवा होता. शिव्या घातल्या असत्या, मग म्हणाला असता चल, दोघे मिळून सांगू. त्या रविवारांत मी जेवढा सुखी होतो तेवढा पुढे कधी झालो नाही. आणि ते कळायला एवढी वर्षं लागावीत.

रवि., २ फेब्रु. ७५
कासीमभाई परत आले. घरात मुंगीला शिरायला जागा नाही. वाटीभर मक्केच्या जमजम विहिरीचं पाणी, खजूर. काळवंडलेत, बारीक झालेत. मला शेजारी बसवून घेतलं.

म्हणाले, मदिन्यात एक बुजुर्ग भेटले, हिंदुस्थानीच. त्यांना पुस्तकाचं विचारलं. त्यांनी उलट विचारलं, तुला कुणी सांगितलं? "मैंने कहा, एक हिंदू मास्तर है सूरत में. अठरा साल से जानता हूँ, कभी झूठ नहीं बोला." ते म्हणाले, मग त्याचं म्हणणं टाकू नकोस, शोधत राहा. पण मुलांचा वर्ग सुरू कर.

येत्या गुरुवारी सुरू करणार. पहिल्या दिवशी मुलांना सांगणार, खरा माणूस कसा ओळखायचा. त्यात माझं उदाहरण देणार.

मुलगा, सुना, शेजारी माझ्याकडे कौतुकाने बघत होते. खजूर तसाच खिशात टाकला.

बुध., ५ फेब्रु.
शाळा सुटल्यावर थेट भागळ. दुकानात दोन गिऱ्हाइकं. ती जाईपर्यंत बाहेर उभा राहिलो. आत जाऊन बसलोसुद्धा नाही. म्हणालो, कासीमभाई, ते पुस्तक नाही. कधीच नव्हतं. मी हरत होतो म्हणून बोललो.

त्यांनी हातातला शिकंजा शेवटपर्यंत आवळला. मग म्हणाले, "पानी पियोगे?" माठातलं पाणी दिलं. मी प्यायलो.

"वकीलसाब को मालूम था?"
"नाही."
"अच्छा हुआ."

मग हळूच, अर्धं स्वतःशी: माफ करणं सोपं आहे. हज करून आलोय, माफ करायलाच हवं. पण मास्तरसाहब, मदिन्यात बसून मी तुमचं नाव सांगून आलो. आणि उद्या मुलांना काय सांगू?

त्यांनी दिवा लावला आणि कामाला बसले. मी घरी आलो. जेवलो नाही. हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, आठ वर्षं माझ्यापासूनही लपवलंत? तिच्यापासूनही लपवतोय, हे मला सुचलंच नव्हतं.

गुरु., ६ फेब्रु.
शाळा. प्रयोगशाळेची चावी हरवली, सापडली.

साडेपाचला त्यांच्या गल्लीत गेलो. ओट्यावर चटई अंथरलेली. दहा-बारा मुलं, पुढे दोन लहान मुली. कासीमभाई आले नव्हते. दार लोटलेलं, आतून खोकल्याचा आवाज येत होता. एका मुलीने विचारलं, "चाचा आज नहीं पढ़ाएँगे?" सुनेने सांगितलं, बैठो, पता नहीं.

मुलं बसून राहिली. मी चपला काढल्या आणि त्यांच्या मागे चटईच्या कडेला बसलो; ते आले तर खोटी कडी म्हणून मलाच दाखवता येईल.