दोघांच्या सह्या

लास व्हेगास,
१ मार्च २०२६, उपवासकाळाचा दुसरा रविवार

प्रिय फ्लोरेन्सिओ,

प्रभूच्या कृपेनं मी बरी आहे. कॅसिनोत पत्ते वाटत तासन्‌तास उभं राहून तुझा गुडघा पुन्हा सुजला नसेल अशी आशा करते. लिंबाला यंदा भरपूर फुलं आहेत. तू बसवलेली पाण्याची नळी उन्हानं चिरली होती. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी बांधली. चालतंय.

आज मिस्सा झाल्यावर चर्चच्या सभागृहात रोझिंगताईंकडून कराचे कागद भरून घेतले. त्या फुकट भरून देतात, म्हणून रांग ही एवढी. पुढचा एक टॅक्सीवाला तावातावानं म्हणत होता, "आपल्या नेवाडात पगारावर करच नाही, मग टिपांवरची सूट कुणाला दाखवता?" ताई म्हणाल्या, "बाबा रे, राज्य जे घेतच नाही ते माफ काय करणार? ही सूट वॉशिंग्टनची, केंद्राच्या करातली. तुला राज्याला कर भरायची फारच हौस असेल तर कॅलिफोर्नियात जा!" सगळे हसले. मीही हसले.

मग माझी पाळी. टेबलांवरच्या टिपा सगळ्यांत वाटल्या जातात, त्यातला तुझा वाटा तेवढा धरला. ओव्हरटाइमच्या दीडपटीतला वरचा अर्धाच सुटतो; मी वेडीनं अख्खा मांडला होता. "आणि बरं का पर्पेतुआ," ताई म्हणाल्या, "नवराबायकोनं वेगवेगळं भरलं तर यातलं काहीच मिळत नाही. एकाच कागदावर दोघांच्या सह्या लागतात. फ्लोरेन्सिओ कुठाय?"

"कामावर," मी म्हटलं. देवाच्या घरात बसून.

"पोसायची मुलं?" त्यांनी विचारलं. ते त्यांना विचारावंच लागतं, खाली मान घालून विचारतात बिचाऱ्या. "नाही." लग्न झाल्यापासून तेच उत्तर. पुढच्या वर्षी तुझ्या कागदावर ते बदलेल. तुझ्या मारिसेलला जूनमध्ये बाळ होणार, हे मला मासळीच्या दुकानात कळलं. तू सांगायला हवं होतंस. असो.

डिसेंबरात तू घटस्फोटाचे कागद पाठवलेस तेव्हा मी फोनवर म्हटलं होतं, "वर्ष सरेपर्यंत थांब. एकतीस तारखेला लग्न शाबूत असलं तर एकत्र भरता येईल, तुझाच फायदा." तू हसलास, जुन्या लाडाच्या नावानं म्हणालास, "तुझ्या हिशोबापुढे कुणाचं चालतंय, पेतांग!" हिशोब खराच होता. पण थांबवलं ते त्यासाठी नव्हे. वाटलं, नाताळाआधीच्या नऊ दिवसांतल्या पहाटेच्या मिस्सांना तू येशील, बाहेर पडल्यावर नेहमीसारखा केळीच्या पानावरचा गरम तांदळाचा केक घेशील, मोठा तुकडा आपल्याकडे ठेवशील. नऊही दिवस शेजारच्या जागेवर माझा कोट ठेवला. कुणी विचारलं तर सांगत होते, "येतोय, गाडी लावतोय."

टेबल सोडताना तुम्ही लोक एक टाळी वाजवून तळवे उलटसुलट करता ना, काही नेत नाही हे वरच्या कॅमेऱ्याला दिसावं म्हणून? घरी जेवून उठतानाही तू ते करायचास, आणि मी ओरडायचे, "आधी ताट उचल, मग हात दाखव!" ऑगस्टात बॅग दाराबाहेर ठेवलीस आणि तेच केलंस. सवयीनं केलंस, की मला दाखवायला? कितीदा विचारायचं ठरवलं. आता उत्तर नको.

सोबत दोन्ही कागद आहेत. कराच्या कागदावर माझ्या सहीशेजारी तुझी कर, पंधरा एप्रिलच्या आत. परतावा तुझ्याच खात्यात जमा होईल असं लिहिलंय. पाळणा भक्कम घे, माझ्यासारखा स्वस्तातला शोधत बसू नकोस.

दुसऱ्या कागदावरही सही केली आहे. बाळाच्या बापाचं घर एकच असावं. वेदीपुढचा शब्द मात्र मी परत घेतलेला नाही. तो कुठल्या कागदावर खोडता येतो, मला माहीत नाही.

हे बघ, माझेही हात रिकामे.

सरकारच्या लेखी गेल्या सालापुरती तुझी,
पर्पेतुआ