टाचेचा ठेका

३ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

नमस्कार सवयीने लिहिला, मनापासून नाही. ड्रमच्या काठ्या घ्यायला वाद्यांच्या दुकानात गेलो, तर दारावर आपल्या ब्लूज बँडचं नवं पोस्टर. तू बेस गिटार घेऊन उभा आणि मागे माझ्या ड्रम्सवर कोण तो उपटसुंभ! बावीस वर्षं गायक पुढे मिरवला आणि आपण दोघं भाऊ मागे ठेका धरून बसलो. मला काढलं हे दुकानदाराने सांगावं? तू तर म्हणालास, तालीम रद्द आहे. काल तीनदा फोन केला, तिन्ही वेळा वहिनी म्हणाली, ते आंघोळीला गेलेत. म्हैस आहेस का तू?

खरं काय ते लिही.

तुझा, अजून तरी,
धाकटा


९ जून

चि. धाकट्यास,
अ. आ.

शिव्या पोचल्या. आता ऐक. तुझा डावा कान गेलाय. डॉक्टरांचा कागद तू ड्रमच्या पेटीत लपवलास, तो मी तीन वर्षांपूर्वीच पाहिला. तेव्हापासून तुला ठेका दिसावा म्हणून टाच आपटत वाजवतोय. गुडघ्याचं पार वाटोळं झालं. गाणी मंदावतात म्हणून गायक ओरडला, की चूक मी अंगावर घ्यायचो. या वेळी त्याने सरळ विचारलं, धाकटा जाणार की दोघं? मी गप्प बसलो. तुला सांगायला तोंड नव्हतं.

नवा माणूस माझ्या पायाकडे बघतही नाही. गाणं पुढे पळतं नि मी मागे धापा टाकतो. तुझ्या वहिनीवर राग धरू नकोस. जमलं तर माझ्यावरही.

तुझा,
दादा


१४ जून

ती. दादास,
नमस्कार. आज पायांना नाही, भांडण त्यांच्याशीच आहे.

तीन वर्षं माझी कीव करत होतास आणि एका शब्दाने बोलला नाहीस! आता तू ऐक. गाणी माझ्यामुळे मंदावली नाहीत. तुझा गुडघा दुखायला लागला तशी टाच उशिरा पडायला लागली. कान गेला तरी गाणं रेंगाळतंय हे मला कळत होतं. दोन काठ्या जोरात हाणल्या असत्या तर ते ताळ्यावर आलं असतं, आणि तू सगळ्यांसमोर उघडा पडला असतास. म्हणून तुझ्या टाचेबरोबर मीही मागे राहिलो.

गुडघा दाखवून घे. लोभ आहे, तो मेला जात नाही. पण गायकाने तो प्रश्न मला विचारला असता ना दादा, तर मी तिथल्या तिथे सांगितलं असतं, दोघं.

धाकटा