बर्फाकडे जाणाऱ्या ट्रेनमधल्या चार जागा

७ ऑक्टोबर, मंगळवार
उद्या सकाळी सहाला फेब्रुवारीच्या सुट्टीची तिकिटं खुली होणार. बास्तियाँला, म्हणजे आमच्या चिरंजीवांना, याचा पत्ता नसणार. गेली चार वर्षं त्याचं एकच पालुपद — "ट्रेनमध्ये तिघांपुरत्याच जागा उरल्या होत्या गं, आई." मग तो, सूनबाई सोलेन आणि नात लीझ स्कीइंगला जातात. मी पॅरिसमध्ये त्यांचा कुत्रा फिरवते. बिस्को गुणी आहे, तक्रार नाही. पण मी एकाहत्तरची. गुडघे अजून दोन हिवाळे साथ देतील, फार तर तीन. यंदा मीच बघते!

८ ऑक्टोबर
पावणेसहालाच कॉफी घेऊन बसले. वेबसाइट म्हणाली, रांगेत तुमच्यापुढे अकरा हजार चारशे सहा माणसं. झोपत नाहीत की काय हे लोक? पान दोनदा अडकलं. भलतंच बटण दाबलं जाऊ नये म्हणून हात मांडीखाली दाबून बसले. सात वाजून दहा मिनिटांनी — मिळाली! शनिवारची सकाळची ट्रेन, थेट आल्प्सच्या पायथ्याशी, बूर्-सँ-मोरिसला. समोरासमोर चार जागा, मध्ये टेबल. चौघांची नावं घातली. इतक्यात सांगायचं नाही. जरा शोधाशोध करू दे साहेबांना.

२ नोव्हेंबर
बास्तियाँचा फोन. शुक्रवार, शनिवार, रविवार, सगळ्या ट्रेन भरल्या म्हणे. "या वेळी खरंच जागा नाहीत गं." बिचाऱ्याचा आवाज अगदी पडला होता. तरी काही जमलंच, तर बिस्कोला ठेवशील ना?
म्हटलं, जमणार नाही, त्या आठवड्यात मी स्कीइंगला चाललेय.
"तू? कुणाबरोबर?"
"तिघं आहेत. वागणूक बघून नक्की करीन."

३ नोव्हेंबर
वर्षभरात फोन न करणाऱ्या सोलेनने आज माझ्या गुडघ्यांची चौकशी केली.

९ नोव्हेंबर, रविवार
त्यांच्याकडे जेवायला गेले. सोलेनने ओव्हनमध्ये भाजलेल्या बटाट्याच्या ग्रातँचा खरपूस कोपरा मला वाढला, एरवी तो बास्तियाँचा. चीजच्या ताटाखाली मी तिकिटांचा कागद सरकवून ठेवला होता. लीझला सापडला. तिने चारही नावं मोठ्याने वाचली आणि टेबलाभोवती नाचत सुटली.
मला वाटलं, बास्तियाँ मिठी मारेल. त्याने कागद दोनदा वाचला आणि पाव कापायला म्हणून स्वयंपाकघरात गेला. टेबलावर पाव होता की भरपूर! सोलेन आभार मानत राहिली, पण नजर ताटाकडे. हरखून गेलीत दोघं, दुसरं काय. बिस्को आता सोलेनच्या आईकडे राहील.

२० फेब्रुवारी
तळघरातून स्की काढल्या, मेण लावलं. बूट अजून होतात!

२१ फेब्रुवारी, शनिवार. ट्रेनमध्ये
लीझ खिडकीला नाक लावून बसलीय. मघाशी म्हणाली, "आजी, ट्रेनने किती मज्जा येते. कार विकली ते बरंच झालं. दर वर्षी आम्ही कारनेच जायचो. माझ्या शेजारच्या सीटवर बुटांची पिशवी असायची."
सोलेनने डोळे मिटून घेतलेत. झोप लागलेली नाही.
बास्तियाँ माझ्या शेजारी, खिडकीपाशी. त्याला उठून जायचं तर माझे पाय ओलांडावे लागतील.
मी पाय बाजूला घेतलेले नाहीत.